संदेष्टा यिर्मया आणि त्याच्या लोकांचा बंदिवास

गोड बोलणारा मित्र मनुष्याला आवडतो, आणि कडू बोलणारा मित्र पुष्कळदां शत्रूसारखा वाटतो. जी गोष्ट एका मनुष्याची तीच राष्ट्राची. राष्ट्र भरभराटींत असतां त्याची स्तुति करणारे पुष्कळ निघतात. परंतु तें विनाशाच्या मार्गाला लागलें असतां त्याचा हात धरून त्याला मागें ओढणारा क्वचितच निघतो, आणि त्याच्या वांट्याला बहुधा थट्टा, मार व तुरुंग येतो. अशा पुरुषांत यिर्मया संदेष्ट्याचें नांव अग्रभागीं आहे. देवाची आज्ञा मोडीत राहाल तर हा देश तुमचा राहणार नाहीं, हें त्यानें आपल्या लोकांना चाळीस वर्षें परोपरीनें सांगितलें. लोकांनीं त्याला देशद्रोही ठरविलें. त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. तो देशद्रोही होता कीं देशाचा खरा मित्र होता, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

यिर्मयाची कामगिरी समजण्यासाठीं थोडी मागील हकीकत ध्यानांत घेतली पाहिजे. इस्राएल लोक मिसर देशांत गुलाम होते. परमेश्वरानें मोशेच्या द्वारें त्यांना सोडविलें व सीनाय पर्वतापाशीं त्यांच्याशीं करार केला. पुढें कनान देश त्यांना मिळाला खरा, परंतु तो निव्वळ मालकी हक्कानें मिळाला नव्हता. जमीन परमेश्वराची, आणि लोक तिच्यावर पाहुण्यांप्रमाणें राहणारे, असा लेवीय या ग्रंथाचा दंडक आहे. अन्य दैवतांच्या नादीं लागूं नये, विधवा, पोरकीं मुलें व परदेशी यांच्यावर जुलूम करूं नये, मजुराची मजुरी त्याच दिवशीं द्यावी, सातव्या वर्षीं जमिनीला विसांवा द्यावा, अशा कराराच्या अटी होत्या. लेवीयाच्या २६ व्या व अनुवादाच्या २८ व्या अध्यायांत आज्ञापालनाचे आशीर्वाद व आज्ञाभंगाचे परिणाम सांगितले आहेत. रोगराई, अवर्षण, पराभव अशा एकामागून एक संकटांनंतर शेवटीं देशांतराचा उल्लेख येतो. लेवीयांत तर प्रत्येक शिक्षेनंतर, एवढ्यानेंही तुम्हीं ऐकलें नाहीं तर, अशा अर्थाचे शब्द येतात. यावरून परत फिरण्यास प्रत्येक पायरीवर अवकाश ठेवला होता, हें उघड होतें. देशांतर ही पहिली शिक्षा नव्हे, ती शेवटची.

शलमोन राजानंतर इस्राएलाचें राज्य दोन भागांत विभागलें. उत्तरेच्या राज्याला आमोस व होशेय या संदेष्ट्यांनीं बंदिवासाचा इशारा दिला होता. तो कोणीं मनावर घेतला नाहीं. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्यानें त्याची राजधानी शोमरोन घेतली व तेथील पुष्कळ लोक दूरदूरच्या प्रांतांत नेऊन वसविले. दक्षिणेस यहूदाचें लहानसें राज्य व त्याची राजधानी यरुशलेम हीं उरलीं. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, अशी आपली म्हण आहे. परंतु यहूदाच्या बाबतींत ती खरी ठरली नाहीं.

यरुशलेमाच्या ईशान्येस सुमारें तीन मैलांवर अनाथोथ नांवाचें याजकांचें गांव होतें. तेथील हिल्कीया नांवाच्या याजकाच्या घरीं यिर्मयाचा जन्म झाला. योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला परमेश्वराचें पाचारण झालें. तेव्हां तो अगदीं तरुण होता. आपण केवळ पोर आहों, आपणांस बोलतां येत नाहीं, असें म्हणून त्यानें ही कामगिरी टाळूं पाहिली. पण त्याची सुटका झाली नाहीं. त्याच प्रसंगीं त्याला दोन दृश्यें दिसलीं. पहिलें बदामाच्या झाडाच्या काठीचें होतें. बदामाचें झाड त्या देशांत हिवाळा सरतां सरतां सर्वांआधीं फुलतें, आणि इब्री भाषेंत त्याचें नांव व जागत राहणें या अर्थाचा शब्द हे जवळजवळ सारखेच आहेत. परमेश्वर आपलें वचन पुरें करण्यास जागत आहे, असा त्याचा अर्थ. दुसरें दृश्य उत्तरेकडून कलंडलेल्या उकळत्या कढईचें होतें. संकट उत्तरेच्या वाटेनें येणार, असें तें सुचवीत होतें.

योशीया हा धार्मिक राजा होता. त्याच्या अठराव्या वर्षीं, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराची दुरुस्ती चालू असतां प्रमुख याजकाला नियमशास्त्राचा एक ग्रंथ सांपडला. तो ऐकतांच राजानें आपलीं वस्त्रें फाडलीं व हुल्दा नांवाच्या संदेष्ट्रीकडे विचारणा केली. पुष्कळ विद्वानांच्या मतें तो अनुवादाचा ग्रंथ किंवा त्याचा मुख्य भाग असावा. राजानें देशांतील मूर्ति व वेद्या मोडून टाकिल्या व कराराचें नूतनीकरण केलें. परंतु राजाच्या हुकुमानें वेदी मोडते, मन मोडत नाहीं. इ. स. पू. ६०९ मध्यें मिसराचा राजा फारो नखो याच्याशीं लढतांना मगिद्दो येथें योशीया पडला. यिर्मयानें त्याच्यासाठीं विलापगीत रचिलें. आणि राजाबरोबर त्याची धर्मसुधारणाही लयास गेली.

थोड्याच दिवसांत फारोनें योशीयाचा पुत्र यहोयाकीम याला गादीवर बसविलें. प्रजेवर कर बसवून त्यानें फारोची खंडणी भरली. आणि त्याच काळांत स्वतःसाठीं गंधसरूचें लांकूड व हिंगुळाचा रंग लावून विस्तीर्ण वाडा बांधविला, व मजुरांना मजुरी दिली नाहीं. यिर्मयानें त्याला तोंडावर विचारलें कीं, गंधसरूनें राजा होतां येतें काय? त्याच्या बापानें गरिबांचा न्याय केला, आणि देवाला ओळखणें म्हणजे दुसरें काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

यहोयाकीमाच्या कारकीर्दीच्या आरंभीं एके दिवशीं यिर्मया मंदिराच्या दाराशीं उभा राहिला. आपल्या नगरांत देवाचें मंदिर आहे, तेव्हां आपणांस कसलें भय, अशी येणाऱ्याजाणाऱ्यांची समजूत होती. यिर्मयानें त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, चोरी, खून, व्यभिचार व खोटी शपथ हीं करावयाचीं आणि मग येथें येऊन निर्धास्त व्हावयाचें, तर हें देवाचें घर नसून लुटारूंची गुहा आहे. पूर्वीं शिलो येथेंही परमेश्वराचें पवित्र स्थान होतें. तें ओसाड झालें, तशीच या मंदिराची गति होईल. हें ऐकून याजकांनीं व लोकांनीं त्याला धरिलें व मरणदंड मागितला. तेव्हां कांहीं वडील मंडळींनीं आठवण दिली कीं, सुमारें शंभर वर्षांपूर्वीं मीखा संदेष्ट्यानेंही असेंच भाकीत केलें होतें, आणि हिज्कीया राजानें त्याला न मारतां पश्चात्ताप केला होता. शाफानाचा पुत्र अहीकाम यानेंही यिर्मयाची बाजू घेतली, म्हणून तो वांचला. उरीया नांवाचा दुसरा एक संदेष्टा मात्र मिसर देशांतून पकडून आणून मारिला गेला. यिर्मयाचें काम किती जोखमीचें होतें हें यावरून दिसून येईल.

तथापि त्याच्या इशाऱ्यांचा खरा अर्थ कळण्यास त्याच्याबरोबर कुंभाराच्या घरीं गेलें पाहिजे. देवाच्या आज्ञेवरून तो तेथें गेला. कुंभार चाकावर मडकें घडवीत होता. तें हातांत बिघडलें, तेव्हां त्यानें माती फेकून न देतां तिचेंच दुसरें पात्र केलें. यावरून यिर्मयानें लोकांना सांगितलें कीं, एखाद्या राष्ट्राच्या नाशाची गोष्ट देव बोलला असला, तरी तें राष्ट्र दुष्टपणापासून फिरल्यास देव तो नाश करणार नाहीं. अर्थात् इशारा हा न टळणारा शाप नव्हता, तर शिक्षा टळावी म्हणूनच तो दिलेला होता. पुढें लोक अधिकच कठोर झाले, तेव्हां त्यानें हिन्नोमाच्या खोऱ्यांत, जेथें मुलांचे बळी दिले जात तेथें, भाजलेलें मडकें सर्वांदेखत फोडलें. ओली माती पुन्हां घडवितां येते, भाजलेलें मडकें फुटलें कीं फुटलें. त्यानंतर मंदिरांत तो हाच इशारा देत असतां पशहूर नांवाच्या याजकानें त्याला मार देवविला व रात्रभर खोड्यांत अडकवून ठेविलें.

यिर्मया जात्याच हळव्या मनाचा होता. आपल्या लोकांची जखम ही त्याला स्वतःची जखम वाटे. त्याला लग्न करण्याची मनाई होती. येणाऱ्या काळांत बायकामुलांचे हाल होणार, त्याची ती एकाकी स्थिति हीच खूण होती. खुद्द अनाथोथच्या लोकांनीं, त्याच्या स्वतःच्या गांवकऱ्यांनीं, त्याला ठार मारण्याचा कट केला. कित्येकदां तो देवापाशीं भांडे, आपल्या जन्मदिवसाला दोष देई, आतां एक शब्दही बोलणार नाहीं असें ठरवी. पण हाडांत कोंडलेला विस्तव सोसवेना म्हणजे पुन्हां बोलूं लागे. शिक्षेची वार्ता सांगण्यांत त्याला आनंद वाटत होता असें मात्र त्याच्या ग्रंथांत कोठेंही दिसत नाहीं.

इ. स. पू. ६०५ मध्यें कर्कमीश येथें बाबेलच्या नबुखद्नेस्सरानें मिसरी सैन्याचा धुव्वा उडविला. उत्तरेकडील कढई कलंडली होती. त्याच वर्षीं यिर्मयानें आपला लेखक, नेरीयाचा पुत्र बारूख, याच्याकडून आजवरचे सर्व संदेश एका गुंडाळींत लिहवून घेतले. त्याला स्वतःला मंदिरांत जाण्याची बंदी होती, म्हणून पुढील वर्षीं उपवासाच्या दिवशीं बारूखानें ती गुंडाळी लोकांना वाचून दाखविली. सरदारांनीं ती ऐकिली, घाबरले, आणि त्या दोघांना लपण्यास सांगून राजाला कळविलें. हिवाळ्याचे दिवस होते. राजापुढें शेगडी पेटली होती. तीन चार स्तंभ वाचून झाले कीं राजा चाकूनें तेवढा भाग कापी व विस्तवांत टाकी. येणेंप्रमाणें सारी गुंडाळी जळाली. बापानें ग्रंथ ऐकून आपलीं वस्त्रें फाडलीं होतीं. मुलानें ग्रंथच फाडला. यिर्मयानें बारूखाकडून दुसरी गुंडाळी लिहविली, व तींत अधिक मजकूर घातला. राजाला जाळूं नका म्हणून विनविणाऱ्यांत शाफानाचा पुत्र गमऱ्या होता. त्याच्या नांवाच्या मुद्रेची छाप असलेला मातीचा लहानसा गोळा १९८२ सालीं यरुशलेमाच्या उत्खननांत सांपडला आहे.

याच राजाच्या दिवसांतील दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. रेखाबी नांवाचें एक घराणें होतें. त्यांचा पूर्वज योनादाब यानें, द्राक्षारस पिऊं नये व तंबूंत राहावें, अशी आज्ञा दोन शतकांहून अधिक काळापूर्वीं देऊन ठेविली होती. यिर्मयानें त्यांना मंदिराच्या एका खोलींत बोलावून त्यांच्यापुढें द्राक्षारसाचे प्याले ठेविले. त्यांनीं तो घेतला नाहीं. तेव्हां यिर्मयानें लोकांना विचारलें कीं, मेलेल्या पूर्वजाचा शब्द हे पाळतात, आणि जिवंत देवाचा शब्द तुम्हांला पाळतां येत नाहीं काय?

यहोयाकीमानें बाबेलविरुद्ध बंड केलें व वेढा पडण्याच्या सुमारास तो मेला. त्याचा अठरा वर्षांचा पुत्र यहोयाखीन तीन महिने राज्य करून इ. स. पू. ५९७ मध्यें शरण गेला. राजा, राजमाता, सरदार, योद्धे, सुतार, लोहार यांना बाबेलास नेण्यांत आलें. ब्रिटिश म्यूझियममधील बाबेली इतिवृत्ताच्या विटेवरही या स्वारीची नोंद आहे : नगर घेतलें, राजा पकडला, मर्जीतला दुसरा राजा नेमला व मोठी खंडणी नेली. हा दुसरा राजा म्हणजे योशीयाचा धाकटा पुत्र सिद्कीया. मागें राहिलेल्यांना वाटूं लागलें कीं, गेले ते पापी, राहिलों ते आम्ही पुण्यवान्. यिर्मयानें अंजिरांच्या दोन टोपल्यांचा दाखला देऊन उलट सांगितलें : बंदिवान हेच चांगले अंजीर, त्यांच्यापासूनच पुढें राष्ट्र उभें राहील.

आतां लोकांना धीर देणारे संदेष्टे पुष्कळ निघाले. यिर्मया मानेवर लांकडी जूं घेऊन फिरत होता. बाबेलचें जूं सोसा म्हणजे देशांत राहाल, असा त्याचा अर्थ होता. हनन्या नांवाच्या संदेष्ट्यानें सर्वांदेखत असें भाकीत केलें कीं, दोन वर्षांच्या आंत मंदिराचीं नेलेलीं पात्रें व बंदिवान परत येतील. यिर्मयानें प्रथम काय केलें? त्यानें आमेन म्हटलें. असें घडो, अशीच त्याची मनापासून इच्छा होती. परंतु शांतीचें भाकीत करणाऱ्याची परीक्षा तें खरें ठरल्यावरच होते, एवढें त्यानें बजाविलें. हनन्यानें त्याच्या मानेवरचें जूं काढून मोडलें, व यिर्मया निमूटपणें निघून गेला. मागाहून देवाचा निरोप घेऊन तो परत आला : लांकडाचें जूं मोडलें, त्याच्या जागीं आतां लोखंडाचें येईल. हनन्या त्याच वर्षीं मेला. ज्याला वाईट बातमी सांगण्याची हौस असते तो चांगल्या बातमीला आमेन म्हणत नाहीं. यिर्मयाचें अंतःकरण पाहावयाचें तर तें येथें पाहावें.

याच सुमारास त्यानें बाबेलांतील बंदिवानांना एक पत्र पाठविलें. लवकर परत येण्याच्या आशेवर बसूं नका. घरें बांधा, बागा लावा, मुलांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांला नेलें आहे त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा, असा त्याचा मतलब होता. सत्तर वर्षें पुरीं झाल्यावर देव त्यांस परत आणणार होता. शत्रूच्या नगरासाठीं प्रार्थना करण्याची ही शिकवण त्या काळीं किती नवी वाटली असेल! लोकांनीं ती आचरणांत आणिली, असें दिसतें. बाबेलोनियांत यहूद्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें एक गांव होतें. तेथील लेखांच्या विटा २०१४ सालीं प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुना लेख इ. स. पू. ५७२ चा आहे. शेती करणारे, कर भरणारे व देणेंघेणें करणारे यहूदी त्यांत आढळतात.

इकडे सिद्कीयानेंही बंड केलें, आणि त्याच्या नवव्या वर्षीं यरुशलेमास वेढा पडला. संकट दाराशीं येतांच राजानें व सरदारांनीं करार करून आपले इब्री गुलाम मुक्त केले. नियमशास्त्राप्रमाणें ते सातव्या वर्षीं मुक्त व्हावयाचेच होते. इतक्यांत मिसरी सैन्य येत असल्याच्या वार्तेनें बाबेलचें सैन्य कांहीं काळ हटलें. त्याबरोबर धन्यांनीं त्याच गुलामांना पुन्हां धरून कामाला लाविलें. यिर्मयाचा संताप यावेळेइतका क्वचितच कधीं भडकला असेल. स्वतः मिसरच्या गुलामगिरींतून सुटलेल्या राष्ट्रानें भावाला दिलेली सुटका हिरावून घेतली. ज्यांना दुसऱ्याचें स्वातंत्र्य सहन होत नाहीं त्यांचें स्वतःचें स्वातंत्र्य टिकत नाहीं, हाच त्या वेळच्या त्याच्या संदेशाचा सारांश म्हणतां येईल.

वेढा पुन्हां पडला. लाखीश व अजेका या दोन तटबंदीच्या नगरांशिवाय बाकीचीं पडलीं होतीं. १९३५ सालीं लाखीश येथें शाईनें लिहिलेलीं खापरें सांपडलीं. त्यांपैकीं एकावर, आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवून आहों, अजेकाचे दिसत नाहींत, अशा आशयाचा मजकूर आहे. दुसऱ्या एकांत, कोणाच्या तरी बोलण्यानें लोकांचे हात ढिले पडतात, अशी तक्रार आहे. आणि यिर्मयावर सरदारांनीं केलेला आरोप याच शब्दांत होता. वेढा उठला असतां तो बन्यामीन प्रांताकडे निघाला होता, तेव्हां शत्रूला मिळावयास जातो असा आळ घेऊन त्याला मारिलें व तळघरांत कोंडिलें. पुढें राजानें त्याला पहाऱ्याच्या चौकांत ठेविलें व रोटीवाल्यांच्या आळींतून रोज एक भाकर देवविली. तेवढ्यानें सरदारांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं त्याला दोरांनीं एका टांक्यांत सोडिलें. टांक्यांत पाणी नव्हतें, चिखल होता, व यिर्मया त्या चिखलांत रुतला.

आपल्या राष्ट्राचा एकही मोठा माणूस त्याच्यासाठीं पुढें आला नाहीं. आला तो एक परदेशी, राजवाड्यांतील एबद-मलेख नांवाचा कूशी सेवक. त्यानें राजाजवळ रदबदली करून तीस माणसें घेतलीं. दोरांनीं काखा कापूं नयेत म्हणून जुनेर व चिंध्या दोरांबरोबर खालीं सोडून त्या यिर्मयाला काखेंत घ्यावयास सांगितल्या. आणि मग त्याला वर ओढिलें. दयेलाही विचारीपणा लागतो, तो या परदेश्याच्या अंगीं होता. त्यानंतर सिद्कीयानें यिर्मयाला गुप्तपणें बोलाविलें. शरण जा म्हणजे जीव वांचेल व नगरही जळणार नाहीं, असें यिर्मयानें त्याला अगदीं शेवटच्या घडीलाही सांगितलें. दार अद्याप उघडें होतें. परंतु आधींच शत्रूकडे गेलेले यहूदी आपली फजीती करतील, या भीतीनें राजा दारांतून गेला नाहीं.

याच कोंडमाऱ्याच्या दिवसांत पहाऱ्याच्या चौकांत असतां यिर्मयानें एक व्यवहार केला. त्याचा चुलतभाऊ हनमेल यानें अनाथोथ येथील शेत विकत घेण्यास त्याला सांगितलें. शेत शत्रूच्या ताब्यांत, देश बुडावयाच्या बेतांत, आणि विकत घेणारा कैदी. तरीही यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांपुढें खरेदीखत केलें, आणि तें पुष्कळ दिवस टिकावें म्हणून बारूखाकडून मातीच्या भांड्यांत ठेवविलें. या देशांत पुन्हां घरें, शेतें व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्याचा विश्वास होता. ज्यानें चाळीस वर्षें देशांतराचें भय दाखविलें, त्यानेंच देश जातांना त्यांतली जमीन खरीदली!

सिद्कीयाच्या अकराव्या वर्षीं चवथ्या महिन्याच्या नवव्या दिवशीं तटाला खिंडार पडलें. तें वर्ष इ. स. पू. ५८७ चें, कांहीं विद्वान् ५८६ धरितात. नगरांत अन्न उरलें नव्हतें. राजा रात्रीं पळाला, यरीहोच्या मैदानांत सांपडला; रिब्ला येथें त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारिले गेले, व मग त्याचे डोळे काढून त्याला बाबेलास नेलें. पांचव्या महिन्यांत सेनापति नबूजरदान यानें मंदिर, राजवाडा व घरें जाळिलीं. यिर्मयाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत तीन वेळां नेलेल्या लोकांची संख्या ३,०२३, ८३२ व ७४५, एकूण ४,६०० अशी दिली आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथांत एकट्या पहिल्या वेळची संख्या १०,००० आहे. ज्यांच्याजवळ कांहींच नव्हतें अशा गरिबांना मागें ठेवून त्यांस शेतें व मळे देण्यांत आले.

नबूजरदानानें यिर्मयाला मोकळीक दिली : बाबेलास चल, तुझी काळजी घेऊं, नाहीं तर पाहिजे तेथें राहा. देशद्रोही म्हणविला गेलेला हा मनुष्य सुखाच्या बाबेलास गेला नाहीं. मिस्पा येथें नवा अधिकारी गदल्या याच्याजवळ, उरलेल्या गरिबांत, तो राहिला. हा गदल्या त्याला पूर्वीं वांचविणाऱ्या अहीकामाचाच पुत्र होता. थोड्याच काळांत राजवंशांतील एका मनुष्यानें गदल्याचा खून केला. भ्यालेल्या लोकांनीं यिर्मयाला देवाची इच्छा विचारली व ती कशीही असली तरी पाळूं असें वचन दिलें. दहा दिवसांनीं उत्तर आलें : येथेंच राहा. त्यांनीं तें खोटें ठरविलें, व यिर्मया आणि बारूख यांना बरोबर घेऊन ते मिसरांत तहपन्हेस येथें गेले. ज्या गुलामगिरीच्या देशांतून राष्ट्राचा प्रवास सुरू झाला तेथेंच तें स्वतःच्या पायांनीं परत गेलें. तेथेंही आकाशराणीच्या पूजेविरुद्ध बोलतांना यिर्मया आपणांस शेवटचा दिसतो. त्याच्या मरणाची हकीकत शास्त्रांत नाहीं.

इ. स. पू. ५३९ मध्यें पारसाचा राजा कोरेश यानें बाबेल घेतलें आणि पुढील वर्षीं यहूद्यांना परत जाण्यास मोकळीक दिली. इ. स. पू. ५१५ मध्यें दुसरें मंदिर पुरें झालें. पहिलें जळाल्यास तेव्हां सुमारें सत्तर वर्षें झालीं होतीं. दानिएलाच्या ग्रंथांत, तो यिर्मयाच्या लेखांवरून सत्तर वर्षांचा हिशेब करीत असल्याचें लिहिलें आहे. जो ग्रंथ राजानें शेगडींत टाकिला तोच बंदिवानांची आशा झाला. मंदिराच्या नाशाचा दिवस यहूदी लोक आजही अब महिन्याच्या नवमीला उपवास करून पाळतात. आपल्या कोंकणांत पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आलेले बेने इस्राएल लोक या उपवासाला बिरड्याचा रोजा म्हणत. तो सोडतांना वालाचें बिरडें खाण्याची त्यांची चाल होती.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बंदिवासाचे हे इशारे एका यहूद्यानें आपल्याच यहूदी बांधवांना, डोळ्यांत पाणी आणून, दिलेले आहेत. आणि त्यांनींच ते आपल्या पवित्र शास्त्रांत जतन करून ठेविले. आपली निंदा असलेला ग्रंथ जपून ठेवणारें राष्ट्र थोर होय. तेव्हां हे इशारे त्या लोकांवर फेकावयाचे दगड नव्हेत. ज्याच्या हातीं ते पडतील त्यानें ते स्वतःलाच लावून पाहावे. मंदिर आहे म्हणून निर्धास्त राहणारे, मजुराची मजुरी बुडविणारे, आणि संकट टळतांच दिलेलें वचन मोडणारे लोक कोणत्या देशांत नाहींत?

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला आयुष्यांत हनन्याही भेटतील व यिर्मयाही भेटतील. सर्व कांहीं ठीक आहे, अभ्यासाला अजून अवकाश आहे, एवढ्यानें काय होतें, असें म्हणणारा गोड वाटेल. न रुचणारी गोष्ट सांगणारा कदाचित् तुमचा शिक्षक असेल, कदाचित् आई असेल. त्यांचें बोलणें ऐकतांना, तुमचें चांगलें झाल्यास त्यांच्या तोंडून आमेन निघेल कीं नाहीं, एवढें पाहा. म्हणजे कोणाचें ऐकावें तें कळेल. आणि पालकांनाही एक विनंति आहे. मुलाला शिक्षेचें भय दाखविणें सोपें आहे. परंतु यिर्मयाप्रमाणें त्याच्याबरोबर रडण्याची, त्याच्याबरोबर चिखलांत उतरण्याची, व तो बिघडल्यासारखा दिसत असतांही त्याच्या भविष्याचें शेत विकत घेऊन ठेवण्याची आपली तयारी असेल, तरच तो इशारा त्याच्या अंतःकरणांत उतरेल.